जरा थांबा, मला नीट बसू द्या

शेतातून आला असाल, भाकरीची तयारी चालू असेल, तर काम करता करता ऐका. आज आपण मोटारसायकलवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा विषय बाप्यांचा. आम्हालाही आधी तसंच वाटत होतं.

आमच्या गटातली एक मैत्रीण होती. तिचं नाव आम्ही सांगत नाही, घरच्यांना त्रास नको. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ती नवऱ्याच्या गाडीवरून घरी येत होती. एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात तेलाचा डबा. धरायला हातच मोकळा नव्हता. गावाच्या अलीकडे रस्त्यावर एक गतिरोधक आहे. त्याला ना पांढरा पट्टा, ना फलक. अंधारात तो दिसला नाही. गाडी उडाली, नवऱ्यानं ती सावरली, पण मागची बाई खाली पडली. डोकं डांबरावर आपटलं.

रक्त आलं नाही. ती उठली, लुगडं झटकलं, "काही नाही हो, चला" म्हणाली आणि परत गाडीवर बसून घरी आली. चूल पेटवली, जेवणं झाली. रात्री दोनदा उलटी झाली. घरच्यांना वाटलं, पित्त असेल. पहाटे ती हाक मारली तरी उठेना. शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा मेंदूत रक्त साठलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. घरात हेल्मेट होतं. एकच होतं, आणि तेही खुंटीला टांगलेलं.

तेराव्यानंतर गटाची बैठक झाली. कर्जाचे हप्ते बाजूला ठेवले आणि आम्ही बोलत बसलो. तेव्हा लक्षात आलं, की आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीला गाडीवरून पडल्याची, नाहीतर पडता पडता वाचल्याची आठवण आहे. आणि एकीनंही कधी गाडी चालवणाऱ्याला "थांबा, मला नीट बसू द्या" असं म्हटलेलं नव्हतं. सामान चढवतात तसं आपण चढतो आणि सामान उतरवतात तसं उतरतो. मग आम्ही ठरवलं, की या गोष्टीचा नीट अभ्यास करायचा. परिवहन कार्यालयातल्या साहेबांना विचारलं, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारलं, गॅरेजवाल्या भावाला विचारलं. जे कळलं ते आज सांगतो.

आपण किती जणी जातो?

केंद्र सरकार दरवर्षी रस्ते अपघातांचा अहवाल काढतं. 2022 साली देशात रस्त्यावर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यात दर शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली 50 हजार 29 माणसं त्या एका वर्षात गेली, आणि त्यातली 14 हजार 337 मागे बसलेली होती. म्हणजे ती गाडी चालवतही नव्हती. आपल्या खेड्यात मागे कोण बसतं? आपणच. बायका, लेकरं, म्हाताऱ्या सासूबाई.

बसायचं कसं

आधी बसण्यापासून सुरुवात करू. एका बाजूला पाय सोडून बसलं, की आपलं सगळं वजन गाडीच्या डाव्या अंगाला जातं. चालवणाऱ्याला हँडल सतत जरा उजवीकडे सावरावं लागतं. खड्डा आला, एकदम ब्रेक लागला, की आपल्याला पायाचा आधार नसतो, गुडघ्यानं सीट दाबून धरता येत नाही. आपण पाटावरून घसरावं तसे घसरतो. दोन्हीकडे पाय टाकून बसलं, तर वजन मध्यावर राहतं, दोन्ही पाय पायटांगांवर टेकतात आणि गुडघे आधार देतात. फरक एवढाच आहे, पण पडणं न पडणं त्याच्यावर ठरतं.

"साडीत दोन्हीकडे पाय टाकून कसं बसायचं? लोक काय म्हणतील?" हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला. तेव्हा गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी हसल्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही काष्टा घालून विहिरीत उतरायचो, झाडावर चढायचो, बैलगाडी हाकायचो. तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत." खरंच आहे. आपल्या आज्यांची नऊवारी दोन पायांत विभागलेलीच होती. पाचवारी आली आणि पाय बांधले गेले. आता आमच्यातल्या बऱ्याच जणी लांबच्या प्रवासाला पंजाबी ड्रेस घालतात. साडीच नेसायची असेल, तर परकराऐवजी आतून सलवार किंवा लेगिंग घालतात आणि साडी जरा वर खोचून दोन्हीकडे पाय टाकतात. पहिल्या दिवशी पारावरचे बघतात. आठव्या दिवशी कोणी बघत नाही.

काही जणींना ते जमणारच नाही. गुडघे दुखतात, गरोदरपण असतं, घरात चालत नाही. मग एका बाजूला बसताना निदान एवढं करा. सीटवर पूर्ण मागेपर्यंत बसा, कडेला टेकू नका. दोन्ही पाय पायटांगेवर नाहीतर साडी गार्डच्या पट्टीवर टेकलेले हवेत, लोंबकळत नकोत. उजवा हात चालवणाऱ्याच्या कमरेला आणि डावा हात मागच्या दांडीला. खांद्यावर नुसतं बोट टेकवणं म्हणजे धरणं नव्हे.

हात मोकळे हवेत, हे मुद्दाम सांगतो. पिशवी गाडीला अडकवा, नाहीतर पाठीवरची सॅक घ्या. डबा, घागर, गॅसची टाकी हातात धरून बसू नका. छत्री तर उघडूच नका. वारा शिरला, की ती आपल्याला मागे ओढते आणि चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही.

गाडीवर चढताना डावीकडून चढा. बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो, त्याला पोटरी लागली, की भाजते. आणि "बसले" असं तोंडानं सांगा. आपण बसायच्या आत गाडी सुटून कितीतरी बायका जागेवरच पडतात. वळणावर गाडी ज्या बाजूला झुकते, त्या बाजूला तिच्याबरोबर झुका. भीती वाटली, की आपण उलटीकडे कलतो आणि चालवणाऱ्याचा तोल जातो.

पदर, ओढणी आणि साडी गार्ड

दुसरी गोष्ट कपड्यांची. मागचं चाक फिरतं तेव्हा पदराचं टोक, ओढणीचं टोक, बुरख्याचा घोळ हवेनं आत ओढला जातो. एकदा आरीत अडकलं, की चाक ते गुंडाळत जातं. गळ्यातली ओढणी असेल, तर गळाच आवळतो आणि बाई मागे खेचली जाते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं. म्हणून गाडीजवळ गेलं, की पहिल्यांदा पदर कमरेला घट्ट खोचायचा. ओढणी गळ्यात मोकळी सोडायची नाही. ती छातीवरून घेऊन कमरेला गाठ मारायची, नाहीतर काढून पिशवीत ठेवायची. निऱ्यांचा घोळ मांडीखाली दाबून बसायचं. लेकीला शाळेत, कॉलेजात सोडताना तिची ओढणी आधी बघा.

आपल्या देशात मोटारसायकलीला मागच्या चाकाशेजारी जाळीसारखा साडी गार्ड असतो. तो कोणाच्या हौसेनं बसवलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो, की मोटारसायकलीला मागे बसणाऱ्यासाठी हातानं धरायची दांडी हवी, पायटांगा हव्यात, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारी आड हवी. पण घरातली पोरं नवी गाडी आली, की "दिसायला बरी नाही" म्हणून गार्ड काढून अडगळीत टाकतात. तुमच्या घरच्या गाडीचा गार्ड जागेवर आहे का, हे आज रात्रीच बघा. नसेल, तर पोराला सांगा, की गाडीची शोभा राहू दे, आधी तुझ्या आईचा पदर सांभाळ. गॅरेजमध्ये तो परत बसवून मिळतो.

हेल्मेट दोघांनाही

आता हेल्मेट. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमानुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकानं दुचाकीवर हेल्मेट घालायचं आहे, पुढच्यानंही आणि मागच्यानंही. फक्त पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना यातून सूट आहे. पण पोलिसांच्या भीतीनं घालायची ही वस्तू नाही. ती काय काम करते, ते समजून घेऊ.

डोक्याच्या कवटीत मेंदू हा बरणीत ठेवलेल्या मऊ लोण्यासारखा असतो. डोकं रस्त्यावर आपटून जागेवर थांबतं, पण आतला मेंदू थांबत नाही. तो कवटीला आतून धडकतो, बारीक रक्तवाहिन्या तुटतात. आमच्या मैत्रिणीचं तेच झालं. बाहेर ओरखडा नाही आणि आत रक्त. हेल्मेटचं वरचं कवच कडक असतं आणि आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपटल्यावर तो थर चेपतो आणि धक्का स्वतः घेतो. जगभरच्या अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी झाली आहे. तीत असं दिसलं, की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो.

घेताना काय बघायचं? मागे आयएसआयचा शिक्का आणि त्याबरोबर आयएस 4151 हा आकडा हवा. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या स्वस्त टोपीत तो जाड थरच नसतो. ती पोलिसांना दाखवायला ठीक, डोक्याला नाही. हेल्मेट घालून पट्टा लावा आणि डोकं जोरात डावीकडे-उजवीकडे हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोकं आतल्या आत फिरता कामा नये. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आपल्या आधी उडून जातं. पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं जातील इतकाच ढिला ठेवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, कारण आतला थर एकदाच चेपतो.

आपली अडचण असते अंबाड्याची. उंच अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, मागून वर उचललं जातं. मग वेणी घाला नाहीतर मानेवर खाली सैल गाठ मारा. गजरा पर्समध्ये न्या आणि लग्नाच्या मांडवात माळा. घाम येतो म्हणून आतून पातळ सुती रुमाल बांधा. नवऱ्याचं मोठं हेल्मेट आपल्या डोक्याला चालत नाही, आपल्या मापाचं वेगळं घ्या. आमच्या गटानं त्यासाठी अंतर्गत कर्जाची सोय केली. शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, मग डोक्याला का नाही?

लेकरं कुठे बसवायची

पुढे टाकीवर एक, मध्ये एक, मागे आई आणि तिच्या कडेवर तान्हं. हे चित्र आपण रोज बघतो. कायद्यानं दुचाकीवर चालवणारा आणि मागे एक, एवढीच परवानगी आहे. पुढे टाकीवर बसलेल्या मुलाचं काय होतं ते ऐका. गाडी आदळली, की मूल हँडल आणि बापाची छाती यांच्यामध्ये चिरडलं जातं. कडेवरचं मूल आईच्या हातातून सुटतं. आईची माया कितीही घट्ट असली, तरी धक्क्याचा जोर तिच्या हातापेक्षा जास्त असतो.

15 फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेला नियम सांगतो, की 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला गाडीवर नेताना चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ गाडीवर नेऊच नये. लसीकरणाला जायचं असेल, तर एसटी, वडाप रिक्षा, शेजारच्यांची चारचाकी यांतलं काही बघा.

आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात किल्ली देऊ नका. "जवळच तर जायचंय, दळण आणायचंय" असं म्हणून आपणच देतो. आता दुकानात मिळणारी नेहमीची स्कूटीही 18 वर्षांच्या आत चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा असतो. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला, तर 199 अ कलमाखाली आईबापाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

"जरा हळू" म्हणजे किती?

आपण मागून म्हणतो, "अहो, जरा हळू." उत्तर येतं, "तू गप बस, मला कळतंय." मग नुसतं हळू म्हणण्यापेक्षा हिशेब सांगू या. आपण बचत गटाच्या बायका, हिशेबात कोणाला ऐकत नाही.

ताशी 40 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते. ताशी 60 ला जवळजवळ 17 मीटर. समोर कुत्रं आडवं आलं, तर ते दिसून हात ब्रेकवर जायलाच सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी 11 किंवा 17 मीटर गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायची. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर 40 च्या वेगात सगळं मिळून साधारण 23 मीटर लागतात आणि 60 च्या वेगात साधारण 44. म्हणजे वेग दीडपट केला, तर थांबायला जागा जवळजवळ दुप्पट लागते. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. आणि त्या घाईनं वाचतं किती? दहा किलोमीटरच्या वाटेवर 60 ऐवजी 40 नं गेलं, तर पाचच मिनिटं जास्त लागतात. चहा उकळायला तेवढा वेळ लागतो.

पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं, त्याचीही सोपी रीत आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली, की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. ते म्हणून होईपर्यंत आपण त्या खांबापाशी पोचता कामा नये. पाऊस असेल, रात्र असेल, तर आणखी दोन आकडे वाढवा.

ज्या मैत्रिणी स्वतः गाडी चालवतात, त्यांनी ब्रेकचं समजून घ्या. बऱ्याच जणी पुढच्या ब्रेकला घाबरतात. पण ब्रेक लागला, की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला, तर गाडी लांबवर जाते आणि मागचं चाक घसरतं. दोन्ही ब्रेक एकत्र, दूध काढताना दाबतो तसे चढत्या जोरानं दाबा. एकदम आवळू नका. हँडल सरळ असतानाच दाबा, वळणात नाही. वळणाच्या आधीच वेग कमी करून घ्या. मोकळ्या मैदानावर हळू वेगात वीस-पंचवीस वेळा सराव केला, की हात आपोआप शिकतो.

आपल्या भागातले धोके

शहरातली पुस्तकं सिग्नलबद्दल सांगतात. आपल्याकडे धोका वेगळाच असतो.

पहिला, उसाची ट्रॉली. गळीत हंगाम सुरू झाला, की दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. अंधारात एखादी पंक्चर होऊन उभी असते, मागे दिवा नाही, उसाची वाढी लोंबत असतात. समोरून गाडीचा प्रखर उजेड डोळ्यावर येतो आणि त्या दोन क्षणांत मोटारसायकल सरळ ट्रॉलीत घुसते. यावर उपाय दोन. चालवणाऱ्यानं रात्री तेवढ्याच वेगानं जायचं, की जेवढं आपल्या दिव्यात दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. समोरचा उजेड डोळ्यावर आला, तर त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचं आणि वेग उतरवायचा. दुसरा उपाय ट्रॉलीवाल्यांचा. मागे आणि दोन्ही बाजूंना रेडियमची पट्टी लावायची. ट्रॉल्या कोणाच्या आहेत? आपल्याच भावांच्या, दिरांच्या. मागच्या हंगामात आम्ही हळदीकुंकवाला वाण म्हणून रेडियमच्या पट्ट्या वाटल्या आणि सांगितलं, की घरच्या ट्रॉलीला, बैलगाडीला, सायकलला आजच लावा.

दुसरा, पहिला पाऊस. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल, धूळ आणि पाणी मिळून साबणासारखं होतं. शेतातून ट्रॅक्टर बाहेर आला, की चिखलाची ढेकळं रस्त्यावर पडतात. मळणीच्या दिवसांत लोक डांबरावरच धान्य पसरतात, त्यावरून चाक गोट्यांवरून गेल्यासारखं सरकतं. तिथं ब्रेक न दाबता, आधीच वेग कमी करून सरळ जायचं.

तिसरा, गावच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागणं. सवयीनं आपण न थांबता वळतो. तिथं पाय टेकवून थांबायचं, उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे बघायचं. जवळ पडतं म्हणून पेट्रोल पंपापर्यंत उलट्या बाजूनं जायचं नाही. समोरून येणारा तुम्हाला तिथं शोधतच नसतो.

चौथा, एसटी, ट्रक आणि ट्रॉली यांच्या डाव्या अंगानं घुसणं. चालकाला त्या बाजूचं जवळचं दिसत नाही. साधी खूण लक्षात ठेवा. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

आणि पाचवा, तो न रंगवलेला गतिरोधक. आमच्या मैत्रिणीचा जीव जिथं गेला, तिथल्यासाठी आम्ही महिला ग्रामसभेत ठराव मांडला आणि त्याची प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला दिली. तीन वेळा खेटे घातले. आज तिथं पांढरे पट्टे आहेत आणि अलीकडे फलक आहे. तुमच्या गावातही अशी जागा असेलच.

कागद कोणाच्या नावावर?

विम्याचं कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. त्यात आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान येतं. आपलीच गाडी घसरली आणि मागे बसलेली बाई जखमी झाली, तर नुसत्या या विम्यातून तिला भरपाई मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 2006 साली एका निकालात हेच सांगितलं आहे. म्हणून विमा काढताना विचारा, "मागे बसणारीचा यात समावेश आहे का? नसेल, तर किती जादा भरायचे?" गाडीच्या मालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा असतो, पण तो मालक स्वतः परवान्यासह चालवत असेल तरच. स्कूटी तुम्ही चालवत असाल, तर ती तुमच्या नावावर का नसावी? परवाना काढा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते.

अपघात झालाच तर

रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं, तर आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, नाहीतर आणखी एक अपघात होतो. मग 108 ला फोन लावा, नाहीतर 112 ला. गावाचं नाव, जवळचा फाटा, किती जखमी आहेत, ते सांगा. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. माणूस बेशुद्ध असेल, तर पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा, चप्पल नाकाला लावू नका. श्वास चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नका, नुसती काच वर करा. मानेला इजा असू शकते, म्हणून हातपाय धरून उचलू नका.

डोक्याला मार लागलेला माणूस ठीक दिसला, तरी चोवीस तास लक्ष ठेवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, न आवरणारी झोप, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, हातापायातली शक्ती जाणं, झटका येणं, यांतलं एक जरी दिसलं, तरी रात्र असो की पाऊस, तडक मोठ्या रुग्णालयात न्या. "पित्त असेल" असं म्हणू नका. आम्ही एकदा म्हटलं होतं.

मदत केली, तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या 134 अ कलमानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. 2025 पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत बिनपैशांचा उपचार मिळू शकतो. रुग्णालयात गेल्यावर त्याबद्दल विचारा.

पुढच्या बैठकीत

मैत्रिणींनो, ऐकून सोडून देऊ नका. पुढच्या बैठकीला एक मोटारसायकल अंगणात आणा. साडी गार्ड, मागची दांडी, पायटांगा, आरसे, मागचा लाल दिवा, टायरची झीज असं सगळ्या जणी मिळून तपासा. साईड स्टँड वर करायचा राहिला, तर डावीकडे वळताना गाडी उलटते, तेही दाखवा. मग एकेकीनं चढून दोन्हीकडे पाय टाकून बसून बघा. हसू येईल, येऊ द्या. कोणाकडे हेल्मेट नाही, त्याची यादी करा. आणि गावातले न रंगवलेले गतिरोधक लिहून काढा.

घरी मात्र भांडण नको. आमच्यातल्या एका वहिनीनं काय केलं, ते सांगतो. नवरा किक मारून घाई करत होता. ती गाडीशेजारी शांत उभी राहिली. म्हणाली, "जरा थांबा, मला नीट बसू द्या." पदर खोचला, हेल्मेट घातलं, पट्टा लावला. त्याचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. चढून बसली आणि म्हणाली, "हं, आता चला." तो दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी हेल्मेट त्यानं स्वतःच खुंटीवरून काढलं.

आपली मैत्रीण त्या संध्याकाळी हे म्हणू शकली नाही. आपण म्हणू या. येतो आम्ही. नीट जा, नीट या.